सडपातळ देहातील मधुमेह : मेदाची भाषा आणि भुकेचा इतिहास

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पूर्वी नोकरी, बदली, घरबांधणी आणि मुलांचे शिक्षण हे गप्पांचे विषय असत. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. चहाचे कप फिरू लागले की चार-सहा हात मागे सरतात आणि ''मला बिनसाखरेचा'' असे शब्द कानी येतात. अशाच एका मेळाव्यात एसटीत वाहक असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न केला. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा, काटक, अंगावर मांस नसलेला हा गृहस्थ शेतमजुराचा मुलगा. तो म्हणाला, ''सर, साखर बसून खाणाऱ्याला होते म्हणतात. आमच्या सात पिढ्यांत कुणी बसून खाल्लं नाही. मग मला कशी झाली?''

शेजारी बसलेल्या एकाने परस्पर उत्तर दिले, ''नशिबाचे भोग, दुसरं काय!'' या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या तोंडी 'नशीब' हा शब्द यावा, याचा अर्थ खरे कारण त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. त्या दिवशी आम्हांपाशीही उत्तर नव्हते. आम्ही इतिहासाचे अध्यापक, वैद्यकाचे नव्हे. परंतु पुढे जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली की या प्रश्नाचे उत्तर अर्धे शरीरशास्त्रात आहे आणि अर्धे इतिहासात. या उत्तराचा फार मोठा भाग आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांत सापडला आहे. तो माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यापुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

मेद : कोठार की कचेरी?

अंगावरची चरबी म्हणजे केवळ साठा, कणगीत भरून ठेवलेल्या धान्यासारखा निर्जीव ऐवज, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती चुकीची असल्याचे प्रथम उंदरांनी दाखवून दिले. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९५०च्या सुमारास एक विलक्षण लठ्ठ उंदीर जन्मला. त्याची भूक कधी शमतच नसे. पुढे १९६०च्या दशकात तशीच लठ्ठ आणि मधुमेही उंदरांची दुसरी जात तेथेच आढळली. डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने या उंदरांवर एक प्रयोग केला. दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडायचे, म्हणजे एकाच्या रक्तातील पदार्थ दुसऱ्याच्या शरीरात पोहोचेल, अशी ही योजना होती.

पहिल्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराशी जोडला तेव्हा त्याचे खाणे कमी झाले आणि तो रोड झाला. दुसऱ्या जातीचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदराशी जोडला तेव्हा मात्र निरोगी उंदरानेच अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला. लठ्ठ उंदीर लठ्ठच राहिला. कोलमन यांनी यातून अनुमान काढले की रक्तात 'पोट भरले, आता पुरे' असे सांगणारा एक पदार्थ असला पाहिजे. पहिल्या जातीच्या उंदरांत तो पदार्थ तयारच होत नाही. दुसऱ्या जातीत तो भरपूर तयार होतो, पण त्याचा निरोप ऐकण्याची यंत्रणा बिघडलेली असते.

हा पदार्थ कोणता, हे कळायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याचे जनुक शोधून काढले. ते जनुक मेदपेशींत काम करीत होते. म्हणजे भूक आवरण्याचा निरोप खुद्द चरबीच पाठवीत होती. 'सडपातळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या संप्रेरकाला 'लेप्टिन' हे नाव मिळाले. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला आज्ञा पोहोचविणारा पदार्थ, ज्याला आपण हार्मोन म्हणतो. तेव्हा मेद हे नुसते कोठार नसून कोठाराची कचेरीही आहे, शिल्लक किती याचा हिशेब ती रोज मेंदूला कळवीत असते, हे या शोधाने सिद्ध झाले.

मनुष्यातही हेच घडते का, याचा पुरावा १९९७ साली इंग्लंडमध्ये मिळाला. केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाकडे दोन चुलत भावंडे आली. त्यांतील आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. या मुलांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हते. बाहेरून लेप्टिन टोचण्यास आरंभ केल्यावर त्या मुलीची अनावर भूक शमली आणि वजन उतरू लागले. लोक ज्याला हावरटपणा म्हणत होते, तो एका संप्रेरकाचा अभाव होता. लठ्ठ माणसाला किंवा मुलाला चारचौघांत हिणविण्यापूर्वी हे उदाहरण आपण आठवावे.

मग प्रत्येक लठ्ठ व्यक्तीला लेप्टिन टोचावे का? तसे नाही. वरील विकार अत्यंत दुर्मीळ आहे. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, उलट जास्तच असते, परंतु मेंदू त्याला दाद देईनासा होतो. शिवाय लेप्टिनचे मूळ काम चैन आवरण्यापेक्षा दुष्काळाची वर्दी देणे हे दिसते. मेद घटला की लेप्टिन घटते, आणि मेंदू भूक भडकवितो, शरीराचा खर्च कमी करतो, प्रजननाची यंत्रणाही मंदावतो. ज्या सजीवांनी लक्षावधी वर्षे अन्नाच्या टंचाईत काढली, त्यांच्या शरीराने टंचाईचा पहारा अधिक कडक ठेवावा, हे स्वाभाविक आहे.

लेप्टिननंतर मेदाचे इतरही निरोप कळले. त्यांत अॅडिपोनेक्टिन महत्त्वाचे. ते स्नायू आणि यकृत यांना इन्सुलिनचे ऐकावयास लावते. गंमत अशी की मेद, विशेषतः पोटातला मेद वाढला की हे हितकारक संप्रेरक कमी होते. त्वचेखालचा मेद तुलनेने निरुपद्रवी, पण आतड्यांभोवतीचा आणि यकृतातला मेद उपद्रवी असतो. तो यकृताकडे स्निग्धाम्ले सोडतो, शरीरात मंद दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडतो. मग रक्तातील साखर पेशींत नेण्याची इन्सुलिनची आज्ञा स्नायू आणि यकृत जुमानीत नाहीत. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करून ही तूट काही वर्षे भरून काढते आणि अखेर थकते. त्या थकण्याचे नाव मधुमेह. त्याच वाटेवर रक्तदाब आणि हृदयविकार भेटतात.

येथवर आपल्या वाहक विद्यार्थ्याचा प्रश्न अधिकच अवघड झाला. तो तर स्थूल नाही. मग उपद्रवी मेद आला कोठून?

पुण्याच्या डॉक्टरांचे आणि सहा गावांचे उत्तर

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हाच प्रश्न पडला होता. ऑक्सफर्ड येथे संशोधनाचा अनुभव घेऊन परतल्यावर ते मधुमेहाचे रुग्ण तपासू लागले. पाठ्यपुस्तकांतील मधुमेही स्थूल आणि उतारवयाचा असे. समोर बसलेला रुग्ण बहुधा तरुण आणि सडपातळ असे. पुस्तक आणि माणूस यांत अंतर पडले असता पुस्तक तपासून पाहावे, हा खरा वैज्ञानिक बाणा त्यांनी धरला.

या विसंगतीचे सर्वांत प्रसिद्ध चित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात दोन शास्त्रज्ञ शेजारी शेजारी उभे आहेत : एक डॉ. याज्ञिक आणि दुसरे लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे रूढ हिशेबाने दोघेही सडपातळ. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले, तेव्हा युडकिन यांच्या देहात ते ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाले. वजनकाट्याला दोघे सारखे दिसले, पण एकाच्या देहात स्नायू अधिक होते, दुसऱ्याच्या देहात मेद. याज्ञिक यांनी अशा देहाला 'थिन-फॅट' म्हटले. आपण त्याला 'सडपातळ पण मेदयुक्त' म्हणू.

हा फरक कोणत्या वयात निर्माण होतो? आळशी राहणी, तळलेले पदार्थ, शहरातील बैठे काम यांना दोष देणे सोपे होते. याज्ञिक यांनी शोध मागे मागे नेला आणि तो थेट आईच्या उदरापर्यंत पोहोचला. १९९३ साली पुण्याजवळच्या अवर्षणप्रवण भागातील सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांचा त्यात मोठा वाटा होता. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांची उंची, वजन, आहार आणि कष्ट यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या आणि पुढे सातशेहून अधिक नवजात बालकांची मोजमापे घेतली गेली.

या माता आपल्या परिचयाच्याच आहेत. सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची होती, तर साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. बाळ लहान म्हणजे त्याचे सारेच काही त्या प्रमाणात लहान असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु पुण्याच्या बाळांचे दंड बारीक होते, पोटातील अवयवही लहान होते. पाठीवरची, खांद्याच्या पात्याखालची चरबीची घडी मात्र फारशी उणी नव्हती. आईच्या पोटात जे थोडेफार मिळाले, त्यातून मेंदू आणि मेद यांची सोय आधी लागली होती आणि काटकसर स्नायूंच्या वाट्याला आली होती.

याला रसायनाची साक्ष २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने दिली. पुण्यातील आणि लंडनमधील गोऱ्या मातांच्या बाळांच्या नाळेतील रक्त तपासले गेले. पुण्याची बाळे वजनाने बरीच हलकी होती, तरीही त्यांच्या रक्तातील लेप्टिन लंडनच्या बाळांच्या बरोबरीचे होते आणि इन्सुलिन तर त्यांच्याहून अधिक होते. मेदाची कचेरी जन्मापूर्वीच उघडली होती! ज्या बाळाने जगातले एक ढेकूळ गूळसुद्धा चाखलेले नाही, त्याच्या रक्तात मधुमेहाच्या वाटेची पहिली खूण उमटली होती. 'खाण्यापिण्याचा हव्यास नडला' हे उत्तर येथे कसे लागू पडणार?

आईच्या ताटात काय नव्हते

बालकाचे जन्मवजन आणि उतारवयातील रोग यांचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला तो इंग्लंडच्या डेव्हिड बार्कर यांनी. हर्टफर्डशायर परगण्यातील सुईणींनी १९११ पासून प्रत्येक बाळाचे वजन नोंदवहीत लिहून ठेवले होते. त्या जुन्या वह्या बार्कर यांच्या हाती लागल्या. त्यांतील बाळे आता साठी ओलांडलेली माणसे झाली होती. जी जन्मतः हलकी होती, त्यांच्यात हृदयविकार आणि मधुमेह अधिक आढळले. इतिहासाच्या अध्यापकाला याचे विशेष अप्रूप वाटते. एका अनाम सुईणीने मन लावून केलेली नोंद ऐंशी वर्षांनी वैद्यकशास्त्राची दिशा बदलते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

पुण्याच्या सहा गावांनी या विचारात महत्त्वाची भर घातली. मातेने किती अन्न खाल्ले एवढ्यावर बाळाची वाढ अवलंबून नव्हती. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक सुदृढ होती. याउलट ज्या मातांना गरोदरपणातही शेतीची आणि घरची जड कामे उपसावी लागत, त्यांची बाळे लहान होती. निम्म्याहून अधिक मातांत बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज अन्नातूनच मिळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. गरोदरपणातील लोह व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद कराव्यात, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या आवश्यकच आहेत. त्यांच्या जोडीला बी-१२ची उणीवही भरून निघाली पाहिजे, एवढाच त्याचा बोध आहे. २०१२ पासून याच गावांतील, याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना किशोरवयात बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहिला जात आहे. उद्याच्या बाळाचे आरोग्य आजच्या शाळकरी मुलीच्या ताटात आहे, हा विचार त्यामागे आहे.

भुकेचे हे ऋण किती पिढ्या चालते? डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांची संतती जन्मतः हलकी होती. त्यांच्या पोटात मेद अधिक होता. रक्तात लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त, अॅडिपोनेक्टिन आणि बी-१२ कमी होते. नंतर दोन पिढ्या त्यांना पुरेसे अन्न दिले, तरीही बिघाड निवळला नाही. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे खरे. परंतु 'आता तर सगळ्यांना पोटभर मिळते, मग रोग का?' असे विचारणाऱ्याने या प्रयोगाकडे दुर्लक्ष करू नये. पोटभर अन्न मिळू लागले म्हणजे पिढ्यांची भूक त्याच दिवशी फिटते असे नाही. उलट उपाशी घडणीच्या शरीरावर अचानक साखर, मैदा आणि तेल यांचा वर्षाव झाला, तर धोका वाढतो.

आपल्या जिल्ह्याची भूक

आता इतिहासाकडे वळू. अहिल्यानगर, म्हणजे कालपर्यंतचा अहमदनगर जिल्हा, अर्धा कालव्याचा आणि अर्धा कोरडवाहू. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात ऊस डोलतो, तर पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या माळावर पावसाची वाट पाहिली जाते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ या भूमीने सोसले. १९७२चा दुष्काळ आमच्या पिढीच्या आईवडिलांनी अंगावर काढला. खडी फोडण्याचे काम, सुकडीची वाटी आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी या आठवणी आजही घराघरांत आहेत. त्या वर्षी आईच्या पोटात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आजच्या मेळाव्यांत चहाला नकार देणाऱ्यांत ती आहेत.

दुष्काळ सर्वांनाच असे, पण भूक सर्वांना सारखी नसे. महार वतनाच्या जोखडाखाली रात्रंदिवस राबणूक आणि मोबदल्यात बलुते व दारोदार मागून आणलेली भाकरी, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, ते उगीच नव्हे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या त्या लढ्याकडे आपण स्वाभिमानाचा लढा म्हणून पाहतो. पुण्याच्या संशोधनाच्या प्रकाशात तो आपल्या पुढच्या पिढ्यांच्या आरोग्याचाही लढा होता, असे आम्हांस वाटते.

याज्ञिक यांच्या संशोधनाचा विषय जात हा नव्हता. हा दुवा आम्ही इतिहासाच्या बाजूने जोडीत आहोत आणि तो जोडताना एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. यावरून 'अमुक समाजाचे रक्तच सदोष' असा अर्थ कोणी काढला, तर तो अडाणीपणा ठरेल. रक्तात जात नसते. पुण्याच्या गावांतील बाळे कोणत्या कुळात जन्मली यापेक्षा त्यांच्या मातांना काय खायला मिळाले आणि किती राबावे लागले, हे महत्त्वाचे ठरले. ज्याला कारण आहे, त्याला निवारणही आहे.

आणि हे केवळ भूतकाळाविषयी नाही. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगावकडील कुटुंबे आजही ऊसतोडीला निघतात. त्या कोपींत गरोदर स्त्रिया असतात. पहाटे उठून फडात वाकणे, मोळ्या डोक्यावर वाहणे, रात्री चुलीपुढे बसणे आणि शेवटी उरेल ते खाणे हा त्यांचा दिनक्रम. साखर साऱ्या महाराष्ट्राला पुरविणाऱ्या या मातेच्या उदरातील बाळाच्या रक्तात उद्याच्या 'साखरे'ची सोय होते आहे, हा विरोधाभास आपल्या जिल्ह्याने तरी दृष्टिआड करू नये.

कारणाचा शोध हाच धम्माचा मार्ग

कोसलनरेश पसेनदीची गोष्ट संयुत्त निकायात आहे. राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवून, धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला शाप दिला नाही, पूर्वजन्मीचे पाप सांगितले नाही की व्रतवैकल्य नेमून दिले नाही. जेवणाचे मान ओळखणाऱ्याला कष्ट कमी होतात, या आशयाची एक गाथा त्यांनी सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या जेवणाच्या वेळी रोज म्हटली. राजाचे जेवण हळूहळू नाळीभर भातावर आले, देह हलका झाला. सवय बदलण्यासाठी रोजची आठवण आणि सोबतीचा माणूस लागतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात.

परंतु ही गोष्ट सांगताना दुसरी विसरू नये. सिद्धार्थ गौतमाने उपासमारीचे तपही करून पाहिले, देह अस्थिपंजर झाल्यावर ते त्याज्य ठरविले आणि सुजातेची खीर स्वीकारली. अतिभोजन आणि अनशन या दोन्ही टोकांपासून दूर राहण्यास सांगणारा हा मध्यम मार्ग आहे. हे असेल तर ते होते, या प्रतीत्यसमुत्पादाच्या दृष्टीला 'नशिबाचे भोग' हे उत्तर मान्य होण्यासारखे नाही. स्वतः बाबासाहेब मधुमेहाने पीडित होते. परळच्या चाळीत आणि परदेशात अर्धपोटी राहून अहोरात्र वाचन करणाऱ्या त्या महामानवाच्या आजाराला कोणी भोग म्हणू धजेल काय?

काय करता येईल

तेव्हा आमच्या वाहक विद्यार्थ्याला आणि त्याच्या निमित्ताने सर्वांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली गोष्ट, 'मी बारीक आहे, मला कशी होईल?' हा भ्रम सोडावा. तिशीनंतर दरवर्षी रक्तातील साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. उपाशीपोटी १२६ वा त्याहून अधिक साखर म्हणजे मधुमेह, तर १०० ते १२५ ही धोक्याची सूचना. सूचना मिळताच सावध झाल्यास मधुमेह लांबविता येतो. निदानासाठी मात्र डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

दुसरी गोष्ट, वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर वजन कमी असूनही पोटात मेद साठत आहे असे समजावे. बीएमआय २३च्या पुढे गेला की भारतीयांनी सावध व्हावे, असे आपल्या तज्ज्ञांनी ठरविले आहे. स्नायू हे साखर रिचविणारे मोठे इंद्रिय असल्याने ते राखणे आवश्यक आहे. नोकरी लागली म्हणून अंगमेहनत सोडू नये. भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या ही आपली जुनी शिदोरी बिस्किटांच्या पुड्यापेक्षा केव्हाही श्रेष्ठ आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुलींविषयी आहे. घरात दूध थोडे असेल तर ते मुलाला, अंडे एकच असेल तर ते कमावत्याला, ही रीत आपल्या घरांतूनही पुरती गेलेली नाही. ज्या मुलीच्या ताटातून आज दूध, अंडे आणि भाजी काढून घेतली जाते, तिच्या उदरात उद्या येणाऱ्या बाळाच्या वाट्याचेच ते अन्न असते. मुलीचे लग्न कोवळ्या वयात लावू नये, सुनेच्या गरोदरपणात तिच्या डोक्यावरचा हंडा घरातील पुरुषांनी उचलावा, गरोदरपणात साखरेची तपासणी चुकवू नये, बाळाचे जन्मवजन लिहून ठेवावे. अडीच किलोंहून हलके बाळ जन्मल्यास त्याला गुटगुटीत करण्याच्या हौसेने गोड आणि तूप भरविण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची वाढ पाहावी.

चौथी गोष्ट वसतिगृहांची. निवासी शाळेत मूल येते ते बहुधा दहा-बारा वर्षांचे असते आणि जाते ते ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर. शरीर घडण्याची ही वर्षे असतात. वसतिगृहाच्या ताटात डाळ पातळ आहे की घट्ट, पालेभाजी आठवड्यातून किती वेळा येते, अंडे किंवा दूध मिळते का, हे प्रश्न स्वयंपाकघरापुरते मर्यादित नाहीत. वाचनालयाला ग्रंथ देणारे माजी विद्यार्थी आम्हांस वंदनीय आहेतच. त्यांच्यापैकी काहींनी मुलींच्या ताटातील एका अंड्याचा वर्षभराचा भार उचलला, तर ते दानही तितकेच मोलाचे ठरेल, अशी आमची नम्र विनंती आहे.

त्या वाहक विद्यार्थ्याचे उत्तर आता देता येते. बाबा रे, तू बसून खाल्ले नाहीस, हे खरे आहे. तुझी आई, तुझी आजी, तिची आई पोटभर जेवल्या नाहीत आणि पोटुशी असतानाही राबल्या. त्यांच्या भुकेचा हिशेब तुझ्या देहातील मेदाने सांभाळून ठेवला. यात तुझा दोष नाही आणि नशिबाचा हातही नाही. औषध वेळेवर घे, रोज चाल, आणि घरी गेल्यावर तुझ्या लेकीच्या ताटाकडे एकदा नीट पाहा.

नमो बुद्धाय. जयभीम.